दुकान चार दिवस बंद

रविवारी रात्री अकराला
मी बटण दाबलं.
मोबाइलनं विचारलं, नक्की?
विक्री खाली जाईल, गिऱ्हाईक दुसरीकडं वळेल, नक्की?
एवढं तर लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

पाटी लिहिली:
'आमची टीम चार दिवस सुट्टीवर आहे.'
टीम म्हणजे मी,
टेपचं कटर,
आणि कात्री सापडत नाही तेव्हा सासूबाई.
गल्लीत मी 'आलो, गेलो, बसलो' म्हणणारी,
पाटीवर मात्र शाळेतल्या बाईंसारखं लिहिलं,
'शुक्रवारी परत येते.'

सोमवारी सकाळी निम्म्या उत्तरेश्वर पेठेला कळलं.
कोण आजारी?
लगीन? सुतक? गावची जत्रा?
नाही ओ.
मग काय झालं?
काय झालं नाही, म्हणूनच.
पुष्पाकाकी जिन्यात थांबून राहिल्या,
त्यांना खरं कारण पाहिजे होतं
आणि माझ्याकडं खरंच दुसरं नव्हतं.

रणजित फाउंड्रीला गेला, पोरगी शाळेला.
मी बसलो.
बसायचं कसं ते आठवेना.
भाकरी फडक्यात गुंडाळताना
कडा दुमडल्या, कोपरे दाबले
आणि टेप शोधायला लागलो.

साडेचारला तौफिक मुजावर दारात,
पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी पिशवी.
'वहिनी, किती नग?'
एक पण नाही. बंद आहे.
'मग उगंच चढलो की तीन मजले,' म्हणाला,
पण गेला नाही.
बूट काढले, चहा घेतला.
अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याचे मोजे बघितले,
एक निळा, एक काळा.
फोनवर कुणीतरी ओरडत होतं, आहेस कुठं?
'दसरा चौकात, सिग्नलला,' म्हणाला
आणि दुसरं बिस्कीट बुडवलं.

मंगळवारी भंडाऱ्याच्या एका ताईंचा मेसेज.
बघायचा नव्हता. बघितला.
'जोडवी घट्ट होतात. माप कसं घेऊ?'
याचं उत्तर मी झोपेतसुद्धा देतो:
संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय फुगलेला असतो.
बोटाभोवती दोरा गुंडाळा.
दोरा पट्टीवर ठेवा. मिलिमीटर कळवा.
लिहिता लिहिता खाली बघितलं.

माझं डावं जोडवं मांसात रुतलेलं.
हुपरीच्या कल्लाप्पाण्णांच्याच हातचं,
मी एकोणीस वर्षांची होतो तेव्हाच्या बोटाचं.
साबण लावला. हललं नाही.
खोबरेल लावलं, दात आवळले,
निघालं.
खाली पांढरा पट्टा,
बारा वर्षं ऊन न लागलेला,
हात लावला तर गुदगुल्या झाल्या.

सासूबाई बघत होत्या.
वाटलं, आता बोलणार.
त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर घेतला,
पाय पुढं केला,
'माझं पण निघतंय काय बघ की.'

त्यांचं निघायला खोबरेलाची अर्धी बाटली गेली.
रात्री आम्ही दोघी गंगावेशीत गेलो,
कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यालो उभ्या उभ्या,
चपलेत बोटं हलवत.
'हलकं वाटतंय गं,' म्हणाल्या,
ओठांवर फेस तसाच.
दुधाबद्दल की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

बुधवारी काय केलं ते आठवत नाही.

गुरुवारी दोरा घेतला, पट्टी घेतली.
हजार बायकांची बोटं मी मिलिमीटरनं ओळखतो,
माझं माप वहीत कुठंच नव्हतं.
कल्लाप्पाण्णांना फोन लावला:
दोन जोड, एक एकावन्न, एक त्रेपन्न.
घाई नाही.
'सुट्टीत पण ऑर्डर घेतीस व्हय?
गिऱ्हाईक कुठलं?'
उत्तरेश्वर पेठेतलं.
'मग कुरिअरनं लावून देतो.'
नको अण्णा, म्हटलं,
न्यायला टीम येणार आहे.